उणे साठ

आमच्या जुन्या घराची उंची आमच्यात कुणी फुटांत सांगत नाही, टक्क्यांत सांगतात. उजनी उणे ३० ला गेली की गावाच्या पांढरीचा माथा उघडा पडतो. उणे ४० ला वेशीचे दगड. आणि उणे ५० च्या खाली गेली की आमचा ओटा. ‘आमचा ओटा’ म्हणायचं ते सवयीनं. माझा जन्म १९८१ चा. तोवर घर पाण्याखाली जाऊन तीन-चार पावसाळे उलटले होते.

ज्यांच्या पेपरात उजनी रोज येत नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर हे धरण आहे. १९८० मध्ये ते पुरं झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरला. धरण काठोकाठ म्हणजे साधारण ११७ टीएमसी. त्यातलं तळाचं साधारण ६३ टीएमसी पाणी कागदावर ‘मृत साठा’ आहे. त्याच्या वरचं ५३-५४ टीएमसी तेवढं ‘उपयुक्त’. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त संपलं. पण तहान आणि ऊस शून्याला थांबत नाहीत, म्हणून मृत साठ्यातूनही पाणी काढतात आणि मग आकड्यामागं ‘उणे’ लागतं. उणे ६० ला सुद्धा धरणात तीसेक टीएमसी पाणी असतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो.

आमचं घर मृत साठ्यात आहे. हा शब्द आमचा नाही, खात्याचा आहे.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, पेपरातली धरणांची चौकट पंचांग वाचावं तशी वाचायचे. बोट ठेवून. खडकवासला, पानशेत, वरसगाव असं खाली येत येत उजनीवर. उन्हाळ्यात आकडा उतरत गेला की त्यांच्या अंगात हालचाल यायची. पायताणाला तेल, काठी, पाण्याची बाटली. आणि एका पहाटे एकटेच निघायचे. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत गाळ घेऊन परत. मग आजी चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि तात्या मागच्या भिंतीला टेकून घराचं वर्णन करायचे. मागची भिंत अजून पुरुषभर उभी हाय. उखळ जागच्या जागी हाय, गाळानं भरलंय. बळदाचा खड्डा दिसतोय. आजी मान वर न करता ऐकायची आणि सगळ्यात शेवटी एकच विचारायची, “आन् बोर?”

“खोड हाय अजून.”

एवढ्यावर विषय संपायचा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मला वाटायचं, आजीला बोरं फार आवडत असणार.

ती स्वतः मात्र एकदाही गेली नाही. घर बघायला चल म्हटलं की म्हणायची, “दिसू न्हाई ते. दिसलं की समजावं, माणसं पान्यावाचून मरायला लागली.” आणि लगेच दुसरं काहीतरी काढायची. माझ्या समजुतीत हे तिचं शहाणपण होतं. अर्धं होतंही.

घर कसं होतं ते मला जितकं पाठ आहे तितकं मी आज राहतो तो पुण्यातला फ्लॅट पाठ नाही. पाच खणांचं माळवद. वर पांढऱ्या मातीचा थर, पावसाळ्याआधी तो पुन्हा चोपायचा, नाहीतर गळकं. माजघरात छताला सवणं, त्यातून दुपारी बारा वाजता उन्हाचा एक गोळा खाली पडायचा आणि तो उखळापाशी आला की आजी शेतावर भाकरी घेऊन निघायची. घरात घड्याळ नव्हतं. सोप्यात तात्यांचे वडील, त्यांची घोंगडी, त्यांचा खोकला. डाव्या हाताला देवळी, तिच्यात दिवा, दिव्याच्या वर काजळीचा पट्टा. दोन बळदं, एक ज्वारीचं, एक कायम रिकामं. रिकामं का, तर ते भरेल अशी ज्वारी कधी पिकलीच नाही. पण असू द्यावं. आजी म्हणायची, रिकामं बळद असलं की माणूस पेरायला जातो.

परसातून चार बांध ओलांडले की नदी. तेव्हाची भीमा म्हणजे उन्हाळ्यात घोट्याएवढी धार आणि दोन्ही अंगाला वाळू. वाळूत कलिंगडाच्या, काकडीच्या वाड्या. पावसाळ्यात मात्र पलीकडं जायचं तर सांगड लागायची, वाळलेल्या भोपळ्यांची, दोरीनं बांधलेली. आजीचं माहेर नदीपल्याड, करमाळा तालुक्यात. इकडच्या काठावर उभं राहिलं की तिकडच्या काठावर धुणं आपटल्याचा आवाज यायचा. आपल्या आईचं धुणं कोणतं ते मला आवाजावरून कळायचं, असं आजी सांगायची. तात्या म्हणायचे, थापा मारतीया.

थापांच्या बाबतीत दोघं बरोबरीचे होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आजी माहेरी होती आणि भीमेला पूर आला. चार दिवस झाले, उतरेना. पाचव्या दिवशी तात्या सांगडीवर उताणे पडून, हातानं पाणी मारत पल्याड गेले. धारेनं त्यांना मैलभर खाली नेऊन काठाला लावलं. तिथून चिखल तुडवत सासुरवाडीच्या दारात. हे तात्या सांगायचे तेव्हा पुरात झाडं वाहत असायची, कधी साप असायचा, एका वर्षी तर सुसर आली. आजी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “बैल सुटला व्हता ह्यांचा. त्यो हुडकत आलं व्हतं.” तात्या म्हणायचे, बैल कशाला पुरात पल्याड जाईल? आजी म्हणायची, “त्येच म्हन्ते मी. बैलाला तरी अक्कल असती.”

बैल होता की नव्हता हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तात्या गेल्यावर आजी हीच गोष्ट सांगायला लागली तेव्हा तिच्या गोष्टीत बैल नव्हता. सुसर होती.

१९७२ च्या दुष्काळात उजनीचं काम जोरात होतं. आमच्याकडं त्या सालाची आठवण म्हणजे सुकडी, लाल मिलो आणि खडी. आजी खडी फोडायला, तात्या धरणाच्या भरावावर मातीकामाला. आठवड्याच्या आठवड्याला पगार. त्या पैशावर घर जगलं हे खरं आहे. पुढं पुष्कळ वर्षांनी कुणी धरणाचा विषय काढला की तात्या हसून म्हणायचे, आपल्याच घरावर पाणी आणायला मी पाट्या वाहिल्यात, मला भरपाई दुप्पट पाहिजे होती. हसणं खरं होतं. त्यांना धरणाचा राग नव्हता. मला आहे का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या नव्या रानातला ऊस ह्याच पाण्यावर उभा आहे, त्या उसावर मी शिकलो.

मोजणीवाले आले, लेव्हलची दुर्बीण तिपाईवर लागली, घरांच्या भिंतींवर लाल खुणा झाल्या. पोरं त्या खुणांना पाठ लावून आपली उंची मोजत. मग नोटिसा, मग भरपाई. जमिनीच्या बदल्यात जमीन हवी असेल तर मिळालेल्या भरपाईतली ६५ टक्के रक्कम सरकारकडं ठेवायची, असा नियम होता. ज्यांना अक्षर ओळखीचं होतं त्यांनी ठेवली. पुष्कळांनी सगळे पैसे हातात घेतले. हातातल्या पैशाला वाटा फुटायला वेळ लागत नाही. कुणाची लग्नं झाली, कुणाची देणी फिटली, कुणी मोटारसायकल घेतली आणि जमीन गेली ती गेली. आमच्या चुलत घराण्यातले एकजण तीस वर्षं फाईल घेऊन हिंडले. कुठल्या कचेरीत ते सोडून देतो, आता ती माणसंही निवृत्त झाली. त्यांच्या नातवाला शेवटी धरणग्रस्ताच्या दाखल्यावर, पाच टक्क्यांच्या राखीव जागांमधून नोकरी लागली. तो दाखला घरात फ्रेम करून लावला आहे. देवाशेजारी.

गाव उठलं ते एका दिवसात नाही. आधी मारुती उठला. मग ज्यांची माळरानावर जागा होती ती घरं. प्रत्येक जण जाताना तुळया, दारं, चौकटी, फरशा काढून गाडीत घालत होता, कारण नव्या जागी लाकूड कुठून आणणार? त्यामुळं पाणी यायच्या आधीच गाव दात पडलेल्या तोंडासारखं झालं होतं. आमच्या घराच्या तुळया निघाल्या, चौकट निघाली, जातं निघालं. उखळ तेवढं जमिनीत खोल पुरलेलं, ते हलेना. शेवटच्या सकाळी गाडी भरून तयार आणि आजी दिसेना. तात्या आत गेले तर ती माजघर सारवत होती. वर छत नाही, दाराला दार नाही, आणि ही बाई शेणाचा हात फिरवते आहे. ते काही बोलले नाहीत. वाळेपर्यंत थांबले. ओल्यावर पाय पडायला नको म्हणून.

नवं गावठाण मुरमाड माळावर. सरळ रस्ते, नंबरचे प्लॉट, कागदावर देखणं. तिथं आजीची पहिली अडचण झाली ती शब्दांची. जुन्या गावात सगळं उतारावर होतं: वरली आळी, खालली आळी, नदीकडं, वेशीकडं. सपाट माळावर वरलं काय आणि खाललं काय? तरी म्हातारी माणसं मरेपर्यंत “खालल्या आळीला जाऊन येतो” म्हणायची आणि बरोबर त्याच घरी पोचायची. ही वाट आम्हा पोरांना कधी सापडली नाही.

दुसरी अडचण मोठी होती. माहेर लांब गेलं. घोट्याएवढी धार होती तिथं आता मैलोगणती पाणी. रस्त्यानं जायचं तर डिकसळच्या पुलावरून वळसा. तो पूलही मूळचा रेल्वेचा, १८६० च्या सुमारास सोलापूरला पोचलेल्या लोहमार्गावरचा. धरणामुळं रूळ दुसरीकडं गेले आणि रिकाम्या दगडी पुलावरून माणसं, एसट्या, उसाच्या गाड्या जाऊ लागल्या. नदीच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत होत्या, त्या आटल्या. लेक पल्याड द्यायची म्हणजे परमुलखात दिल्यासारखी. ज्यांना घाई असते ते आजही होडीनं जातात. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडं येणारी होडी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे. आजीला माहेरी जायला तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा आला, एवढंच.

होडीत ती एकदाच बसली. तिची आई गेली तेव्हा. मी सहा वर्षांचा, तिच्या मांडीशी. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तिनं अचानक पायातल्या चपला काढल्या आणि पदरात घेऊन बसली. होडीवाला म्हणाला, मावशे, चपला का काढल्या? ती म्हणाली, “खाली देऊळ असंल रं.”

आमच्या गावचं देऊळ साधं होतं. पळसदेवचं मोठं. जुन्या पळसदेवात पळसनाथाचं प्राचीन मंदिर आहे, खाली कोरीव दगड, वर विटांचं शिखर, आवारात वीरगळ. पाणी थोडं उतरलं की आधी शिखराचं टोक दिसतं, होडीवाले त्याला वळसा घालतात. फारच उतरलं की देऊळ पायथ्यापर्यंत मोकळं होतं आणि पुण्या-सोलापूरचे लोक मोटारी घेऊन फोटो काढायला येतात. भिगवणला थंडीत रोहित पक्षी बघायला येतात तसेच. मला त्यांचं वाईट वाटत नाही. पाखरं खरोखरच देखणी आहेत, आणि जाळी टाकणाऱ्या कितीक पोरांना त्यांनी चार पैशांचं काम दिलं. फक्त एकदा एक बाई मला म्हणाल्या, “किती रोमँटिक ना, पाण्याखालचं गाव!” मी हो म्हणालो. भांडायचं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.

तात्या २००९ मध्ये गेले, आजी २०२१ मध्ये. आजीच्या दहाव्याला धाकटी आजी, म्हणजे तात्यांच्या भावाची बायको, माझ्याशेजारी बसली होती. पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळे आपापल्या परीनं कबूल करत होते: धाकट्या मुलाकडं बघू, गाय विकणार नाही. धाकटी आजी हळूच म्हणाली, “बोरीखालच्याचं नाव घ्या कुनीतरी.”

मी विचारलं, कोण बोरीखालचा?

तेव्हा कळलं. आजीचा पहिला मुलगा. आठ महिन्यांचा होता, तापानं गेला. तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. नदीकडच्या बांधावर बोर होती, तिच्या मुळाशी. गाव उठताना देव हलवले, तुळया हलवल्या, उखळ हलत नाही म्हणून चार माणसं खपली. आजीनं तात्यांना रात्री एकदाच विचारलं होतं, त्याचं काय करायचं? तात्यांना उत्तर देता आलं नव्हतं. धाकटी आजी शेजारच्या खणात जागी होती, म्हणून तिला माहीत. पुढं ह्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत, निदान कुणाच्या कानावर तरी आलं नाही. फक्त दुष्काळ पडला की तात्या ‘घर’ बघायला जायचे आणि आजी भाकरी थापता थापता विचारायची, आन् बोर?

कावळा शिवला की नाही ते मला आठवत नाही.

२०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी उणे ६० ला टेकली. मी पुण्याहून गेलो, आण्णांना, माझ्या थोरल्या चुलत्यांना, बरोबर घेतलं. त्यांची पंचाहत्तरी झालेली. भेगाळलेल्या गाळावरून चालताना पायाखाली शिंपले कुरकुरत होते, चिलापीचे वाळके काटे, तुटकी जाळी. आणि प्लॅस्टिक. शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, एका पुणेरी मिठाईवाल्याची पिशवी तर मी ओळखली. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. मी रोज सकाळी नळ सोडतो, ते पाणी शेवटी आमच्या माजघरात जातं, हे मला नकाशावर माहीत होतं. बघितलं नव्हतं.

वाटेत कुणीतरी गाळपेर केली होती. पाणी हटेल तशी ओली जमीन पेरत जायची, पाऊस यायच्या आत काढायची. आमच्या परसात कडवळ कंबरेएवढं होतं. ओटा सापडला. मागची भिंत तात्या पुरुषभर सांगायचे, आता ती गुडघ्याएवढी होती. उखळ होतं. मी बोटांनी गाळ उकरला, आत हात घातला, तळ गुळगुळीत लागला. आण्णा ओट्यावर बसले आणि म्हणाले, हिथं माझी जागा, हिथं तुझा बाप. मग बराच वेळ गप्प.

बांधाकडं गेलो. आण्णांना बोर नक्की आठवत होती. पण तिथं बुंधे तीन निघाले, तिन्ही काळे, तिन्ही बोरीचे असू शकतील असे. ह्यातला कोणता? आण्णांनी काठीनं एक दाखवला, मग दुसरा, मग म्हणाले, तात्यालाच ठावं. मी तिन्ही बुंध्यांना हात लावला. कडवळवाला दुरून ओरडत होता, पाव्हनं, तुडवू नगा.

जुलैत वर घाटात पाऊस लागला. पुण्याची धरणं भरली, मुठेत पाणी सोडलं. दौंडला किती क्युसेक, हा प्रश्न आमच्याकडं पुन्हा सुरू झाला. ऑगस्टात आण्णांचा फोन आला, उजनी शंभर टक्के.

“घर?” मी विचारलं.

“कवाच गेलं,” आण्णा म्हणाले. “ओट्यावर पंचवीस फूट पानी हाय.”